परवाना सरकारचा, निगा आपली

जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत कांद्याचा भाव, विजेचे बिल आणि पीककर्ज हे विषय नेहमीचेच. या वेळी त्यांच्याखाली एक विषय आम्ही मुद्दाम घातला आहे : पीक राखणीसाठी परवान्यावर घेतलेली बंदूक, तिच्या सफाईचे सामान आणि ते सामान निवडायचे व ठेवायचे कसे. विषयपत्रिका वाचून काही कार्यकर्ते हसतील. भावाचा लढा सोडून हे बंदुका पुसण्याचे काय काढले, असे विचारतील.

त्यांना आमचे उत्तर साधे आहे. फवारणीचा पंप नीट धुतला नाही तर एखादा वाफा करपतो. बंदुकीची नळी नीट धुतली नाही तर हात जातो, डोळा जातो, प्रसंगी शेजारी उभा असलेला पोरगा जातो. पंप कसा धुवावा हे निदान औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलेले असते. बंदूक कशी धुवावी हे परवान्यावर कोठेच छापलेले नसते. परवाना देणारे कागद तपासतात, विकणारा पावती फाडतो, आणि शेतकरी बापाने जे केले ते करीत राहतो. बापाने रॉकेलचा बोळा फिरवला म्हणून हाही फिरवतो. त्या बोळ्याने नळी वरून चकाकते आणि आतून खात जाते.

बंदूक हे शेतीचे औजार आहे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या चळवळीला बंदुकीची हौस नाही. १९८० च्या आंदोलनात खेरवाडीला पोलिसांचा गोळीबार झाला, तेव्हा गोळ्या शेतकऱ्यांनी झेलल्या होत्या, चालवल्या नव्हत्या. १९८२ च्या जानेवारीत शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन याच सटाण्यात भरले, ते बिल्ला आणि झेंडा घेऊन. बंदूक ही सभेला, मोर्चाला किंवा वरातीला नेण्याची वस्तू नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यातच आहे.

पण पिकाची राखण हा वेगळा प्रश्न आहे. साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याला मका दाणे भरू लागला की रानडुकरांची रात्रपाळी सुरू होते. एका रात्रीत अर्धा एकर आडवा करतात; खातात थोडे, तुडवतात जास्त. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहे. आपल्याकडे ती थोडी असली तरी आहे. आणि कायद्यानेही तिला शेतीचे औजार मानले आहे. १८७८ साली इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातली हत्यारे परवान्याखाली आणली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. ठासणीची पुरेशी पडणार नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच नळीची, दुसरी बंदूकही देता येते असे तेच कलम सांगते.

याचा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे आणि तो परवानाधारकालाही लागू आहे. रानडुकराबाबत वनखात्याची परवानगी लागते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवायचीच नाही. बहुतेक रात्री बंदुकीचे काम असते ते आवाजाचे : एक बार, कळप पांगला, झाले. पण नुसत्या आवाजाच्या बारानेही नळी तेवढीच घाण होते. छर्रे घातले नाहीत म्हणून सफाई नको, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढला पाहिजे.

नळी गंजते कशाने?

हे समजले की सामान कोणते घ्यावे हे आपोआप समजते. म्हणून थोडे रसायनशास्त्र.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जळते. तिचा मुख्य घटक पोटॅशियम नायट्रेट. द्राक्षबागायतदारांना हे नाव नवे नाही; १३-०-४५ च्या पिशवीत तोच माल असतो. दारू जळाली की सगळा धूर होऊन जात नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राहतो. त्यातला काही धुराबरोबर उडतो, उरलेला नळीच्या भिंतीला काळ्या थराने चिकटतो. त्यात पोटॅशचे क्षार असतात, गंधकाचे अवशेष असतात. हे क्षार हवेतले पाणी ओढतात. उघड्या पोत्यातले खत रात्रीत कसे ओघळते ते आपण पाहतो. नळीत तेच घडते. ज्या टोप्यांत क्लोरेट असते, त्या जळल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. म्हणजे सरळ भाषेत म्युरेट ऑफ पोटॅश. लोखंडी फावडे पोटॅशच्या पोत्यात दोन महिने खुपसून ठेवले तर काय होईल? तेच नळीचे होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

आता क्षार कशात विरघळतो? पाण्यात. रॉकेलमध्ये विरघळत नाही, डिझेलमध्ये विरघळत नाही, तेलात विरघळत नाही. रॉकेलचा बोळा काजळी काढतो आणि क्षार जागच्या जागी ठेवतो. वरून तेल लावले की क्षारावर तेलाचे पांघरूण बसते आणि आत गंज निवांत वाढतो. म्हणून काळ्या दारूच्या बंदुकीला पहिले औषध पाणी, तेही गरम. लोखंडाला पाणी लावायचे म्हटले की आपल्या माणसाचा हात मागे येतो. पण महायुद्धाच्या काळात सैनिकांना थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीतून उकळते पाणी ओतायला शिकवीत असत, ते याच क्षारासाठी. गरम पाण्याचा दुसरा फायदा असा की नळी तापते आणि स्वतःच्या उष्णतेने लवकर कोरडी होते.

काडतुसाच्या बारा बोअर बंदुकीत बिनधुराची दारू असते. आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसे बरीच चालतात. या दारूचा गाळ कमी आणि क्षारही फारसा नाही. तेथे त्रास देतात ते काजळी, शिशाचे पापुद्रे आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या टोपणाचा नळीला लागलेला थर. या बंदुकीला पाण्याची गरज नाही. ब्रश, सफाईचे द्रावण आणि हलके तेल पुरते. दोन बंदुका, दोन रोग, दोन औषधे. करपा आणि भुरी यांवर एकच डबा चालवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

सामान निवडताना

सर्वात आधी मापे. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास. तो साधारण साडेअठरा मिलिमीटर येतो. या बंदुकीचा ब्रश बारा बोअरचाच मागावा. ठासणीच्या बंदुकांचे माप एकसारखे नसते, म्हणून नळीचे तोंड मोजून तो आकडा खिशात ठेवून दुकानात जावे. बारीक ब्रश नळीला टेकत नाही, जाड ब्रश अडकून बसतो.

सळई लाकडी किंवा पितळी घ्यावी. नळीपेक्षा वीतभर लांब असावी, म्हणजे मूठ नळीच्या तोंडावर आपटत नाही. लोखंडी गज, छत्रीची काडी, ठिबकची नळी यांना काम देऊ नये. लाकडी सळई घेतलीत तर रेषा सरळ असलेले, गाठ नसलेले लाकूड पाहावे. तिरप्या रेषेचे लाकूड मोडते आणि त्याची फास तळहातात घुसते. जोडाची सळई असेल तर जोड घट्ट आहेत ना ते प्रत्येक वेळी पाहावे.

सळईच्या टोकाला चार वेगवेगळी डोकी लागतात. पहिले, चिंदी धरणारे टोक. दुसरे, ब्राँझच्या तारांचा ब्रश. पोलादी तारांचा ब्रश नळीवर ओरखडे पाडतो आणि प्रत्येक ओरखडा हे गंजाचे घर असते. तिसरे, तेल लावायचा लोकरीचा बोळा. चौथे फक्त ठासणीसाठी : मळसूत्री आकडा. चिंदी आत राहिली तर बाहेर काढायला हाच उपयोगी पडतो. ठासणीच्या नळीचे मागचे तोंड बंद असते, त्यामुळे अडकलेली वस्तू मागून ढकलून काढता येत नाही. याच कारणाने दोरीचा पुलथ्रू ठासणीला चालत नाही. एन.सी.सी. केलेल्या मुलांना पुलथ्रू आणि चिंदी हे शब्द पाठ असतात. तो दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या नळीसाठी आहे.

चिंदी शुद्ध सुती हवी. जुने धोतर, जुनी चादर यांसारखे कापड दुसरे नाही. टेरिकॉट पाणीही पीत नाही आणि तेलही धरत नाही. बारा बोअरला साधारण तीन इंच चौकोनाच्या चिंद्या कापून ठेवाव्यात. सळईसकट चिंदी बेताच्या जोराने सरकली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर ती मोठी आहे.

तेल हलके खनिज तेल घ्यावे. बंदुकीचे तेल मिळाले तर उत्तम, नाही तर शिलाई मशीनचे तेल चालते. गोडेतेल, खोबरेल, करडई यांना हात लावू नये. ती हवेने घट्ट आणि चिकट होतात आणि चाप-घोड्याच्या यंत्रात डिंकासारखी बसतात. ट्रॅक्टरचे काढून टाकलेले ऑइल तर कधीच नाही. त्यात आम्ल असते, काजळी असते, लोखंडाचा कीस असतो. जवसाचे तेल फक्त लाकडी दस्त्याला, तेही एक पातळ हात. आणि एक इशारा : जवसाचे तेल लागलेल्या चिंद्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या चिंद्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून फेकाव्यात.

घासपेपर, वाळू, राख, ग्राइंडरचा तारेचा ब्रश, बॅटरीचे आम्ल ही सारी नळीची शत्रू. नळीचे लोखंड एकदा झिजले की परत येत नाही. खड्डे पडलेली किंवा फुगलेली नळी घरी घासून बरी होत नाही. ती परवानाधारक कारागिरालाच दाखवावी. गावच्या लोहाराने बंदूक दुरुस्त करणे कायद्याच्या पाचव्या कलमाने गुन्हा ठरते. आपल्यापायी त्या बिचाऱ्याला अडकवू नये. दुरुस्तीला बंदूक मुलाच्या हाती पाठवायची असेल, तर परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र त्याच्याजवळ हवेच.

सफाईचा क्रम

सफाईआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. काडतुसाची असेल तर मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा. ठासणीची भरलेली की रिकामी हे बाहेरून दिसत नाही, आणि घरात झालेल्या कितीतरी अपघातांचे मूळ येथेच असते. त्यासाठी बिनखर्चाचे एक साधन आहे. बंदूक रिकामी आहे हे नक्की माहीत असताना गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि तोंडाशी येईल तेथे त्यावर खाच पाडावी. पुढे कधीही गज सोडला आणि खाच तोंडाच्या वर राहिली, की आत काहीतरी आहे. मग टोपी काढावी, नळी मोकळ्या दिशेला ठेवावी, आत काहीही खुपसू नये आणि माहीतगार परवानाधारक कारागिराला विचारावे.

ठासणीची नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवावी. मागचे टोक बादलीतल्या साबणाच्या गरम पाण्यात ठेवावे आणि वरून चिंदीची सळई पंपाच्या दट्ट्यासारखी खालीवर करावी. टोपी बसते त्या निपलच्या भोकातून पाणी आत ओढले जाते आणि बाहेर फेकले जाते. काळे पाणी थांबेपर्यंत, पाणी बदलून बदलून. शेवटचे पाणी साधे आणि चांगले गरम. मग कोरड्या चिंद्या, शेवटची चिंदी कोरडी आणि पांढरी येईपर्यंत. निपलचे भोक बारीक पितळी तारेने मोकळे करावे. नळी कोमट असतानाच तेलाचा पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंदी फिरवावी. ती तांबूस आली तर धुणे अपुरे झाले असे समजावे आणि पुन्हा धुवावे. हे सगळे बार काढला त्याच दिवशी करायचे. रात्री राखण करून आल्यावर डोळे मिटत असतात हे आम्हाला माहीत आहे. तरी दुपारपर्यंत झालेच पाहिजे.

काडतुसाच्या नळीत सळई मागच्या बाजूने घालावी. ब्रश पूर्ण बाहेर काढल्याशिवाय उलटा ओढू नये, तारा मुडपतात. तेल लावल्यावर पहिले काही तास बंदूक तोंड खाली करून ठेवावी; नाही तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड सडते. पुन्हा वापरायच्या आधी दोन्ही जातींच्या नळ्यांतले तेल कोरड्या चिंदीने पुसावे, आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहावे. कुंभारीण माशी फवाऱ्याच्या नळीत जशी मातीचे घर करते, तशी बंदुकीच्या नळीतही करते. तेवढी माती नळी फाडायला पुरते. घरात वीस बोअरची काडतुसे असतील तर ती वेगळ्या कुलपात ठेवावीत. चुकून बारा बोअरमध्ये घातलेले वीसचे काडतूस पुढे सरकून नळीत अडकते, आणि त्याच्यामागे बाराचे मारले की नळी फुटते.

ठेवायचे कसे

सामान कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवावे आणि पेटीला कुलूप असावे. पाण्याने धुण्याच्या चिंद्या व ब्रश एका कप्प्यात, तेलाचे सामान दुसऱ्यात. ओला ब्रश पेटीत बंद करू नये. आधी सावलीत सुकवावा. सळई आडवी टाकू नये, खुंटीला उभी टांगावी, म्हणजे वाकत नाही. सळई नळीत तशीच घालून ठेवण्याची सवय मोडावी, तीत ओल साचते. ठासणीचा गज नळीखालच्या खाचेत बसतो. धुतल्यावर तो आणि ती खाच दोन्ही कोरडी करावीत.

पेटी औषधाच्या खोलीत नको. गंधक, मोरचूद, ब्लीचिंग पावडर, कॅल्शियम नायट्रेट जेथे आहे तेथे लोखंडाचे आयुष्य कमीच. चुलीजवळ नको, कारण तेल आणि चिंदी पेटतात. आणि सर्वात महत्त्वाचे : दारू, टोप्या, काडतुसे एकीकडे, बंदूक दुसरीकडे, सफाईचे सामान तिसरीकडे, किल्ल्या परवानाधारकाजवळ. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र आपण लिहून देतो. सही केली तेव्हा ते कोणी वाचले होते? आता काढून वाचा. बंदूक चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पिशवीत बारमाही गुंडाळून ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, एरवी महिन्याने एकदा, तेलाची चिंदी फिरवावी.

खंडेनवमीला आपण औजारे पुजतो. नांगर, विळा, कोयता आणि ज्याच्याकडे आहे त्याची बंदूकही. हळदकुंकू ओले, वर झेंडूची फुले, आणि पूजा मांडलेली तशीच दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्या जागी गंजाचा डाग. पूजा जरूर करावी. संध्याकाळी फुले उचलून, हळद पुसून, तेलाचा हात द्यावा. मका काढणीचे दिवस तेच असतात. वर्षाची मोठी तपासणी त्याच दिवशी ठरवून टाकली तर विसर पडणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये.

ठाण्यातल्या खोलीत काय होते?

आता सरकारच्या दारातले दुखणे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका जमा करायला सांगतात. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागला. मधे ऐंशी दिवस. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली आणि निकाल आला २३ नोव्हेंबरला. म्हणजे दुसऱ्या वेळी ज्याची बंदूक जमा, त्याचा उशिराचा मका रानात आणि राखणीचे औजार ठाण्यात. निवडणूक शांततेत व्हावी हे आम्हालाही हवे आहे. पण डुकराला आचारसंहिता लागू नाही.

सर्वांच्या बंदुका सरसकट जमा कराव्यात असा नियमही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २००९ साली निवडणूक आयोगाने सूचना काढल्या. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस प्रमुख यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवाना तपासून ठरवावे, असे त्यांत आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या, गुंतलेले अशांची प्रकरणे प्रामुख्याने पाहायची आहेत. येथे आपल्या कार्यकर्त्यांनी सावध असावे. रास्ता रोकोत नाव लागलेला शेतकरीही या चाळणीत दंगेखोर म्हणून अडकू शकतो. आंदोलनातल्या खटल्याचा निकाल लागला असेल किंवा खटला मागे घेतला असेल, तर त्याची प्रत परवान्याच्या कागदांबरोबर लावून ठेवावी.

जमा झालेली बंदूक परत येते तेव्हा नळी तांबूस, चाप जड, अशा तक्रारी बैठकांत ऐकू येतात. ठाण्यातल्या हवालदाराला दोष देऊन भागत नाही. बंदुकीला तेल देणे हे काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नाही. म्हणून निम्मा बंदोबस्त आपण करायचा. जमा करण्याआधी बंदूक पूर्ण धुऊन, नळीला आतबाहेर ग्रीसचा पातळ थर देऊन, सुती कापडात गुंडाळून द्यावी. प्लॅस्टिकमध्ये बांधू नये. ‘नळीत ग्रीस आहे, वापरण्यापूर्वी पुसा’ अशी चिठ्ठी दस्त्याला बांधावी. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि ‘नळी स्वच्छ, गंज नाही’ ही नोंद मागून घ्यावी. परत घेताना तेथेच उजेडात नळी पाहावी, मगच सही करावी.

उरलेला निम्मा बंदोबस्त प्रशासनाने करायचा आहे. बैठकीत आम्ही तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहोत. एक, पीकसंरक्षणाच्या परवान्यांची छाननी आधी आणि वेगळी व्हावी, आणि कारण नसताना बंदूक जमा करू नये. दोन, जमा पावतीवर बंदुकीच्या स्थितीचा रकाना असावा. तीन, जमा मुदत महिन्यापेक्षा लांबली तर परवानाधारकाला ठाण्यात, पोलिसांसमोर, नळीला तेल देण्याची मुभा असावी. यात सरकारच्या तिजोरीतला एक रुपया जात नाही.

आणि एक काम आपल्या पातळीवर आजच होण्यासारखे आहे. सफाईची सळई, ब्रश, आकडा ही शस्त्रे नव्हेत, त्यांना वेगळा परवाना लागत नाही. एका गावात चार परवानाधारक असतील तर चांगली सळई आणि पेटी सामाईक घेता येते. ब्रश मात्र ज्याच्या त्याच्या मापाचा, आणि चिंद्या ज्याच्या त्याच्या. बंदूक कधीही सामाईक नसते, सफाईचे सामान असू शकते. गावात निवृत्त फौजी असेल तर त्याला सन्मानाने बोलवावे आणि रिकाम्या बंदुकीवर सफाईचा क्रम सगळ्यांना दाखवायला सांगावे. त्या वेळी दारू-काडतूस त्या जागी नसावे आणि पोरेटोरे लांब असावीत.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, परवाना मागताना आपण सरकारला सांगतो की आम्ही जबाबदार माणसे आहोत, हे औजार आमच्या हाती द्या. हे म्हणणे खरे आहे याचा पुरावा परवान्याच्या कागदावर नसतो, नळीतून बाहेर येणाऱ्या शेवटच्या चिंदीवर असतो. बैठकीला येताना बंदूक घरी कुलपात ठेवून या. परवान्याची प्रत, जुनी जमा पावती आणि नळीचे माप लिहिलेला कागद मात्र घेऊन या.